व्हिनाइल फ्लोअरिंग दर पावसाळ्यात फुगतंय? खालची फरशी तपासा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. खोलीत व्हिनाइल घातलं, उन्हाळाभर छान दिसलं आणि जुलैत मधोमध फुगा आला. कारागीर येतो, ब्लेडने चीर देतो, आत गोंद सोडतो, वर चार विटा ठेवून जातो. महिन्याभरात शेजारी दुसरा फुगा. तिसऱ्या खेपेला सगळा दोष मालावर जातो, महागातला रोल आणला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोही फुगतो. माल खराब निघतो, नाही असं नाही, पण क्वचित. बहुतेक वेळा बिघाड त्या दोन मिलिमीटरच्या थराखाली असतो आणि तिथवर कुणी गेलेलंच नसतं.

इथे आपल्याकडच्या नेहमीच्या जमिनी धरल्या आहेत: सिमेंटचा कोबा, शहाबादी, मोझॅक आणि व्हिट्रिफाइड टाइल. व्हिनाइलचेही तीन प्रकार वेगळे ठेवा. रोलमध्ये येणारी लवचिक शीट (१.५ ते २ मिमी), गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या (२ ते ३ मिमी) आणि एकमेकींत अडकणाऱ्या कडक एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या (४ ते ६ मिमी). पहिल्या दोन जमिनीला चिकटलेल्या असतात. तिसरी नुसती जमिनीवर पसरलेली असते, म्हणून तिचं दुखणं वेगळं.

फुगा कधी आला, ते आधी आठवा

पहिल्या आठवड्यात आलेला फुगा ओलीचा नसतो. पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक गोंद व्हिट्रिफाइड टाइलवर लावला की त्यातलं पाणी खाली शोषलं जात नाही, ते हवेतच उडावं लागतं. गोंद पांढरा दिसत असतानाच शीट टाकली तर ते पाणी आत कोंडतं आणि दोन-तीन दिवसांत फुगे वर येतात. असे फुगे लहान, विखुरलेले असतात. चीर देऊन सिरिंजने गोंद भरणं आणि २४ तास वजन ठेवणं हा उपाय इथे चालतो. चीर डिझाइनमधल्या एखाद्या रेघेवरून द्या, म्हणजे दिसत नाही.

एप्रिल-मेमध्ये बाल्कनीच्या दारापाशी एसपीसी पट्ट्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या, तर भिंतीलगत जागा सोडलेली नाही. उन्हाने तापलेली पट्टी वाढते, तिला सरकायला वाट नसते, मग ती जोडावर उचलते. स्कर्टिंगजवळची एक ओळ काढून ६ ते १० मिमी कापली की पट्ट्या बहुधा दोन दिवसांत आपोआप बसतात. न बसल्यास खोलीत कुठे तरी जड कपाटाखाली किंवा दाराच्या चौकटीत ती अडकलेली आहे. भिंतीला ठोकलेलं वॉर्डरोब एसपीसीवर कधीच बसवू नये. आधी वॉर्डरोब, मग त्याच्या पायापर्यंत फ्लोअरिंग.

जुलै-ऑगस्टमध्ये आलेला, मोठा, हाताने दाबला तर मऊ लागणारा आणि डिसेंबरात थोडा खाली बसणारा फुगा म्हणजे जमिनीतून येणारी ओल. पुढचा बराचसा मजकूर याच्याचसाठी आहे.

ऋतूशी संबंध नसलेल्या दोन तक्रारी राहतात. टाइलच्या सांध्यांची जाळी वर उमटणं आणि एसपीसीवर चालताना टकटक आवाज येऊन शेवटी जोड तुटणं. दोन्हींचं कारण जमीन सपाट नसणं.

उचकटलेल्या तुकड्याची पाठ वाचा

फुग्याच्या जागी हातभर तुकडा कापून उलटा करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्धं निदान इथेच होतं.

गोंद दह्यासारखा किंवा चिघळलेल्या गुळासारखा झाला असेल, कुबट वास येत असेल, तर ओल आहे. सिमेंटातून वर येणारं पाणी नुसतं पाणी नसतं, क्षारयुक्त असतं, आणि ते बराचसा गोंद साबणासारखा फोडतं. म्हणून असा गोंद नंतर वाळूनही पुन्हा पकड घेत नाही. त्यावरच नवा गोंद लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

पाठीवर पांढरी, मिठासारखी भुकटी असेल तर तो लोणा. भिंतीला लागतो तसाच फरशीलाही लागतो.

पाठीवर राखाडी पावडर चिकटून आली आणि खाली जमीनही राखाडीच दिसली, तर गोंदाने आपलं काम केलं आहे, जमिनीचा वरचा थरच सुटला आहे. लेव्हलिंग कंपाउंडमध्ये (जमीन सपाट करायला ओततात त्या सिमेंटी मिश्रणात) जास्त पाणी घातलं होतं किंवा कोब्यावर सिमेंटची घोटाई कच्ची होती. स्क्रू-ड्रायव्हरने आडव्याउभ्या रेघा ओढून पाहा. पक्क्या थरावर नुसता ओरखडा उमटतो, कच्च्या थराचे चौकोन सुटून येतात.

पांढऱ्या वड्या निघाल्या तर कुणीतरी टाइलचे सांधे भिंतीच्या पुट्टीने किंवा पीओपीने भरले आहेत. हा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो, कारण पुट्टी घरात उरलेली असते आणि ती लावणारा रंगारी हाताशी असतो. भिंतीची पुट्टी पायाखाली टिकायला बनवलेलीच नाही. खुर्चीचा पाय तिचा चुरा करतो, ओलीने ती मऊ होते. इंचभरही शिल्लक ठेवू नका.

आणि पाठ अगदी स्वच्छ, जमिनीवर गोंदही नाही, फक्त चकचकीत मोझॅक? मग मेण. घासून पॉलिश केलेल्या मोझॅकवर वर्षानुवर्षं मेण चढलेलं असतं. पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांनंतरही तो मोत्यासारखा उभा असेल तर त्या पृष्ठभागावर गोंद, प्रायमर, काहीच बसणार नाही.

ओलीची चाचणी, आणि ती एप्रिलमध्ये का खोटी ठरते

साधी चाचणी: जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा ४५ × ४५ सेंमीचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा रुंद टेपने हवाबंद करा. कमीत कमी १६ तास, जमल्यास दोन दिवस. खोलीत तीन ठिकाणी लावा: मधोमध, बाहेरच्या भिंतीलगत आणि बाथरूमच्या भिंतीलगत. टाइलवर करत असाल तर सांधा तुकड्याच्या बरोबर मधून जाऊ द्या. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. वाफ येते ती सांध्यांतून.

प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव किंवा खाली काळपट डाग म्हणजे ओल जमिनीतून. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला दव म्हणजे ती हवेतली: मृगाच्या आसपास गार शहाबादी 'घामेजते' तो प्रकार. दुसऱ्यासाठी जमिनीवर काही करायचं नाही. पंखा चालू ठेवायचा आणि काम कोरड्या दिवसापर्यंत पुढे ढकलायचं. या दोन्हींत घोळ झाला की विनाकारण ओल अडवणाऱ्या इपॉक्सी थराचा खर्च होतो.

ही चाचणी फक्त हो-नाही सांगते. किती ओल, हे हवं असेल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवतात. एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोलीवर. चिकटवायच्या व्हिनाइलसाठी आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत हवी, हा जुना आणि सावध आकडा. काही आधुनिक गोंद जास्तही चालवून घेतात, ते त्यांच्या पत्रकात दिलेलं असतं.

तळमजल्यावर एप्रिलमध्ये केलेली प्लॅस्टिक चाचणी हमखास पास होते. जमिनीतलं पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं. घर तळमजल्यावर असेल तर चाचणी ऑगस्टमध्ये करा आणि काम डिसेंबर ते मे. गणपतीआधी घर नवं करायची घाई सगळ्यांना असते, पण व्हिनाइलसाठी वर्षातला तो सर्वांत वाईट काळ आहे.

ओल सापडली, आता?

आधी नळ शोधा, रसायन नंतर. वरच्या मजल्यावर जमिनीतून ओल यायचं कारणच नाही. तिथे ती बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधून, बाल्कनीच्या उलट्या उतारातून किंवा भिंतीत गाडलेल्या पाइपातून येते. बाथरूमचा वापर दोन-तीन दिवस बंद ठेवून प्लॅस्टिकखालचं दव कमी होतं का ते पाहा. बाल्कनीत बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते बघा.

तळमजल्यावर बाहेर जाऊन जोतं पाहा. रस्ता आणि अंगण वर्षागणिक चढत जातं, जोतं तिथेच राहतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला आली असेल, पागोळीचं पाणी भिंतीलगत साचत असेल, तर आत कितीही थर द्या, ओल दुसरी वाट काढेल. आधी पन्हळ आणि बाहेरचा उतार.

हे सगळं करूनही थोडी ओल येत राहिली तर दोन घटकांचं इपॉक्सी ओलरोधक. फरशी घासून मेण-तेल काढून, पोकळ जागा दुरुस्त करून, त्यावर दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा. दोन्ही मिळून चौरस मीटरला साधारण अर्धा किलो. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू भरपूर पेरायची, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून काढायची. वाळू पेरली नाही तर गुळगुळीत इपॉक्सीवर लेव्हलिंगचा थर पापडासारखा सुटतो. इपॉक्सी भिंतीवर स्कर्टिंगच्या उंचीपर्यंत चढवा, नाहीतर ओल कडेने वर येते.

एसपीसीखाली २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, २० सेंमीचा ओव्हरलॅप ठेवून टेप लावून, हा स्वस्त मार्ग आहे आणि किरकोळ वाफेला पुरतो. पण फरशीच्या सांध्यांतून जिथे पावसाळ्यात पाणी दिसतं, त्या खोलीत व्हिनाइल घालूच नका. खाली कोंडलेल्या पाण्याला वास सुटतो आणि लोणा सांधे पोखरतो. अशा खोलीला टाइलच बरी.

एक सूत

दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी जमिनीवर ठेवा. तिच्याखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. कारागिराला मिलिमीटर सांगण्यापेक्षा 'एक सूत' सांगा. इंचाचा आठवा भाग, जवळपास तेवढंच. पट्टी लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरप्यांत फिरवा. खड्ड्याभोवती पेन्सिलने गोल, उंचवट्यावर फुली. मार्कर वापरू नका. शाई काही महिन्यांनी शीटमधून वर उमटते.

एक लक्षात घ्या: उतार चालतो, खड्डा चालत नाही. जमीन दाराकडे एकसारखी कलती असली तर व्हिनाइलला फरक पडत नाही. त्यामुळे पाणसळ इथे दुय्यम आणि पट्टी महत्त्वाची.

मग फरशी ठोकून पाहा. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर पोकळ. कोपराच पोकळ असेल आणि टाइल हलत नसेल तर एसपीसीखाली निभावतं. शीटखाली ती टाइल काढून जागा पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावी लागते. हलणारी टाइल दोन्हींसाठी काढाच.

फुल्यांच्या जागा आधी घासायच्या, खड्डे मग भरायचे. उलट केलं तर उंचवट्याच्या उंचीला जमीन आणण्यात कंपाउंडची पोती जातात. ग्राइंडरला डायमंड कप लावून, धूळ ओढणारं व्हॅक्यूम जोडून, तोंडाला एन-९५ लावून घासा. ही धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसातून परत निघत नाही. जुन्या कार्यालयातल्या कडक, ठिसूळ व्हिनाइल टाइल किंवा त्याखालचा काळा डांबरी गोंद दिसला तर मात्र ग्राइंडर लावूच नका. त्या काळच्या टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस असे. भारतीय मानक ३४६१ हे अशाच पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइलचं होतं. तपासून घेईपर्यंत घासणं, फोडणं, झाडणं बंद.

शहाबादीत अडचण दुहेरी. वरचा भाग नैसर्गिक लाटांचा आणि दगड पापुद्र्यांचा. सुटे पापुद्रे छिन्नीने काढून, रुंद सांधे खरवडून मसाल्याने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोटा आणि मोझॅक त्या मानाने सोपे. मेण काढलं की काम झालं.

लेव्हलिंग: पोती मोजा, पाणी मोजा

१० × १२ फुटांची खोली म्हणजे ११.१५ चौरस मीटर. सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे साधारण १.७ किलो लागतं. सरासरी ३ मिमी थर धरला तर ५७ किलो. सांडलवंड आणि सांधे धरून ६२-६३. म्हणजे २५ किलोची तीन पोती. अडीच नाही, तीन. ओतताना माल संपला की जिथे थांबलात तिथे कायमची पायरी राहते.

प्रायमर जमिनीनुसार. शोषणाऱ्या कोब्यावर साधा ॲक्रिलिक, तोही कोबा फार तहानलेला असेल तर दोन हात. व्हिट्रिफाइडवर वाळूचे कण असलेला, खरखरीत पकड देणारा. प्रायमर चुकला तर दोन वेगळे बिघाड होतात: कोबा कंपाउंडमधलं पाणी पिऊन टाकतो, थर भेगाळतो आणि हवेचे बुडबुडे टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतात, टाइलवर मात्र सगळा थरच पत्र्यासारखा निघतो.

ओतण्याआधी दाराच्या उंबऱ्याला आणि पाण्याच्या जाळीला फोमची पट्टी लावून बंद करा. कंपाउंड पाण्यासारखंच वाहतं, जाळीत गेलं की प्लंबर बोलवावा लागतो. भिंतीलगतही फोमची बारीक पट्टी. पंखे बंद, खिडक्या बंद, थेट ऊन अडवलेलं.

पोत्यावर छापलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा. बादलीत अंदाजाने ओतणं आणि मग 'जरा घट्ट वाटतंय' म्हणून मगभर आणखी घालणं, इथे सगळ्यात जास्त कामं बिघडतात. जादा पाण्याने कंपाउंड छान पसरतं, मात्र सुकल्यावर वर खडूसारखा थर येतो. वर पाहिलेली राखाडी पावडर ती हीच. घट्टच वाटत असेल तर पाणी गार घ्या. उन्हाळ्यात टाकीचं गरम पाणी वापरलं की माल दहा मिनिटांत ताठरतो. दोन माणसं हवीत: एक सतत कालवणारा, दुसरा ओतणारा आणि काटेरी रोलर फिरवणारा. ओल्या कडेला पुढची बादली मिळाली पाहिजे.

३ मिमीचा थर कोरड्या हवेत साधारण २४ तासांत शीटसाठी तयार होतो, दमट हवेत जास्त लागतो. नवा कोबा घातला असेल तर हिशेब निराळा: चांगल्या सुकत्या हवेत पहिल्या ५० मिमीपर्यंत मिलिमीटरला एक दिवस. दोन इंची कोब्याला पन्नास दिवस. 'वरून कोरडा दिसतोय' याला काही अर्थ नाही.

अंथरण्याआधीचा दिवस

जाडी आता मोजा, नंतर नको. ३ मिमी लेव्हलिंग आणि ५ मिमी एसपीसी मिळून ८ मिमी, खाली फोम असेल तर ९ ते १०. दार तेवढ्यावरून फिरतं का? लोखंडी सेफ्टी दार खालून कापता येत नाही, हे लोकांना फ्लोअरिंग झाल्यावर कळतं.

एसपीसीच्या पेट्या त्याच खोलीत ४८ तास आडव्या ठेवा, बाल्कनीत नाही. शीटचा रोल २४ तास उलगडून ठेवा, नाहीतर गुंडाळीचा बाक कडा उचलतो. जमीन व्हॅक्यूमने साफ करून ओलसर फडक्याने पुसा. रॉकेल किंवा थिनरने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. वाळूचा एक कण राहिला तरी २ मिमी शीटवर तो टेंगूळ होऊन वर दिसतो.

गोंदाबद्दल: सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी गोंद सुताराकडे तयार असतो म्हणून तोच फासला जातो. लवचिक शीटमधला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू या गोंदात उतरतो आणि तो चिकट लापशी होऊन बसतो. कडा सरकतात, जोड उघडतात. शीट बनवणाऱ्याने सुचवलेला ॲक्रिलिक गोंद घ्या, दातेरी पत्र्याने लावा, बोटाला चिकटेल पण बोटावर उतरणार नाही इतका वाळू द्या, मग शीट टाकून ४५ किलोचा रोलर दोन्ही दिशांनी फिरवा. रोलर भाड्याने मिळतो. हाताने थोपटून तो परिणाम येत नाही.

चिकटवलेल्या जमिनीवर पहिले दोन दिवस ओलं पोछा नको, कपाट सरकवणं नको. आणि दारात रबरी पाठीचं पायपुसणं टाकू नका: रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये उतरून पिवळा डाग पडतो, आणि तो डाग कुठल्याच साबणाने जात नाही. सुती पायपुसणं ठेवा.